तेरवीची पुस्तकं

कावडगावच्या वाचनालयात पाऊल टाकलं की समोर राजवाडा दिसतो. नक्षीचे खांब, झुंबरं, दोन्ही अंगांना मोर आणि मधोमध लाल पायघड्या. चितारलेला, अर्थात. नाटकाचा पडदा आहे तो. पाठीमागच्या भिंतीला ओल येते म्हणून वाचनालय सुरू करणाऱ्या सटवाजीनं तो तिथं खिळे मारून कायमचा टांगून टाकला. पडद्यापुढं लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पुस्तकं, आणि दाराशी टेबलामागं सटवाजीचा मुलगा विश्वंभर. पासष्टी ओलांडलेला, डोक्याला पांढरी टोपी, खिशात चष्म्याची दोन घरं. एक चष्मा वाचायचा, दुसरा रस्त्यावरचं माणूस ओळखायचा. वर्षानुवर्षं हा प्रयोग असाच लागत आला. नेपथ्य तेच, नट तोच. प्रेक्षक तेवढे गळत गेले.

वारंगा फाट्याकडून बाळापूरला येताना हळदीच्या शेतांमधून एक सडक आत वळते, तिच्या टोकाला हे गाव. जुनी माणसं सांगत, निजामाच्या राज्यात इथं मराठी वर्तमानपत्र उघड वाचायची सोय नव्हती. मग चावडीमागच्या गोठ्यात भजन बसायचं. एक जण हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचा, बाकीचे टाळ घेऊन ऐकायचे. बाहेर पावलं वाजली की टाळ जोरात. पोलिसांना वाटायचं, काय भाविक गाव आहे! त्या गोठ्यात आईच्या मांडीवर बसून सटवाजीनं पहिलं वाचन ऐकलं. गावातलं पहिलं वाचनालय ते. ना खोली, ना पाटी, ना एक पुस्तक.

सटवाजी मोठा झाला तो नाटकात नायिका होऊन. नाकीडोळी नीटस, आवाज गोड, पातळ नेसला की बायासुद्धा वळून बघायच्या. जत्रेत गावच्या पोरांनी नाटक लावलं आणि ते असं काही रंगलं की आजूबाजूच्या गावांहून बैलगाड्या आल्या. प्रयोग संपल्यावर रंगपटात भांडण जुंपलं. आलेल्या पैशातून पुढच्या साली काय घ्यायचं? कोणी म्हणे नवा पडदा, कोणी म्हणे पेट्रोमॅक्स. सटवाजी अजून नायिकेच्या वेषातच होता. नाकातली नथ न काढता तो पेटीवर उभा राहिला आणि म्हणाला, "पडदा हाय तो बस हाय. पुस्तकं घ्या. नाटक वर्सातून एकदा येतंय, पुस्तक रोज संध्याकाळी येतंय." नथ घातलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? नांदेडहून एक पेटी भरून पुस्तकं आली, मारुतीच्या देवळाशेजारच्या पंचायतीच्या खोलीत मांडली गेली. पुढचं साल दुष्काळाचं निघालं. नट खडी फोडायला गेले. नाटक त्यानंतर पुन्हा झालंच नाही. पडदा भिंतीला लागला आणि वाचनालय राहिलं.

पण पेटीभर पुस्तकांवर वाचनालय किती दिवस चालणार? ते वाढलं ते माणसं मेली म्हणून. ऐकायला वाईट वाटेल, पण खरं तेच आहे.

आपल्याकडं तेरवीला भांडी वाटतात. तांब्या नाहीतर पेला, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं. दुष्काळानंतर नाटकातला पेटीवाला वारला. त्याच्या घरचे भांड्यांच्या विचारात होते. सटवाजी म्हणाला, "तांब्या झिजतोय, मोडीत जातोय. पुस्तकावर नाव घाला. जितके जण वाचतील तितक्यांदा तुमच्या माणसाचं नाव डोळ्याखालून जाईल." पेटीवाल्याच्या नावानं गाण्यांचं एक पुस्तक आलं. पहिल्या पानावर सटवाजीनं बोरूनं नाव लिहिलं. लोकांना ते आवडलं. पुढच्या तेरवीला दुसरं आलं, मग तिसरं. कावडगावात रीतच पडली. आणि पुस्तक तरी कसं? माणसाला शोभेल असं. पैलवानाच्या नावानं कुस्तीचे डावपेच. तांड्यावरचा सेवा बैलांचा व्यापार करायचा, त्याला अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी त्याच्या नावानं जनावरांच्या रोगांचं चित्रांचं पुस्तक आलं आणि रात्रीबेरात्री गाय विताना अडली की गाव त्या पुस्तकाकडं पळायचं. "सेवाला आण रे!" म्हणायचे लोक. पुस्तक आण, असं म्हणत नसत.

पुढं सरकारची मान्यता मिळाली, अनुदानाचा वर्ग मिळाला, तो वाढलाही. वर्तमानपत्रं आली, कपाटं आली, सटवाजीनंतर विश्वंभर ग्रंथपाल झाला. हळद शिजवायच्या दिवसांत माणसं कढईपासून उठून थेट वाचायला यायची. जुन्या पुस्तकांच्या पानांच्या कोपऱ्यांवर अजून पिवळे अंगठे आहेत. विश्वंभर अंगठ्यावरून सांगायचा, इथंवर वाचून हा माणूस झोपला बघा.

मग दिवस फिरले. मध्यंतरी राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. साहेब कावडगावात आले तेव्हा हळद काढणीचा दिवस होता, गाव शेतात होतं. खोलीत विश्वंभर आणि राजवाडा. मान्यता गेली. विश्वंभर मात्र रोज दार उघडत राहिला. बायको गोजरबाई त्याला टोमणे मारायची. "जा, सवतीकडं जायची वेळ झाली," म्हणायची. स्वतः मात्र संध्याकाळी हळकुंडं निवडायला बसली की फर्मावायची, "काल खून झालता, त्याचं पुढं काय झालं?" रहस्यकथांची तिला भारी गोडी, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. अशीच एक चालू होती, आणि शेवटची काही पानं उरलेली असताना गोजरबाई गेली. तिच्या तेरवीला विश्वंभरनं तेच पुस्तक नवीन आणलं आणि तिच्या नावानं टेबलालगतच्या मांडणीच्या खालच्या फळीवर, बसल्या जागेवरून हात पोचेल असं ठेवलं. शेवट त्यानं वाचला नव्हता. एकट्यानं कसा वाचणार?

यंदा फाल्गुनात, अंगणाअंगणात हळद वाळत असताना सरपंच हरीश वाचनालयाच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला.

"काका, बसू का?"

"सरपंच इचारून बसायला लागला म्हंजी काय तरी बिघडलंय," विश्वंभर म्हणाला. "बस. काहून आलास?"

हरीश बाकावर टेकला. पोरगा चांगला होता, शिकलेला, कामाचा. लहानपणी याच खोलीत पालथा पडून गोष्टी वाचायचा. तो बराच वेळ मोबाइल या हातातून त्या हातात करत राहिला.

"पंचायतीला ही खोली लागून राहिली, काका. गावाला सुविधा केंद्र मंजूर झालंय. सातबारा म्हणा, पीकविमा म्हणा, म्हाताऱ्यांच्या पगाराचे अंगठे म्हणा, सगळ्याला माणूस बाळापूरला पळून राहिलं. दिवस मोडतोय. मशीन येऊन पडलंय, ठेवायला जागा न्हाई."

"आन पुस्तकं?"

"चांगली बाळापूरच्या वाचनालयाला देऊ."

"आन बाकीची?"

हरीश मोबाइलकडं बघायला लागला. विश्वंभरनंच विचारलं, "रद्दीत?"

"फाटकी फाटकीच असतेत ना, काका."

"तुझ्या आजीचं बी फाटलंय."

हरीशचा चेहरा उतरला. "मी काय तुमचा वैरी हाय का? पण खरं सांगा. काल कोण आलं?"

"मंजुळाबाई."

"परवा?"

"मंजुळाबाईच."

"आता बोला," हरीश म्हणाला. मग त्याला त्या वाकलेल्या खांद्यांची दया आली असावी. "एक करू. सोमवारी ठराव घ्यायचाय. त्याच्या आदी रविवारी सकाळी मी इथं येऊन बसतो. गाव आलं, तर खोली तुमची, मशीन मी माझ्या ओसरीवर ठेवीन. न्हाई आलं, तर मग मला बोल लावू नका."

"गाव म्हंजी किती?"

"मोजायला मी काय तलाठी हाय? गाव आलं की दिसतंय, काका."

तो गेला आणि विश्वंभर टेबल धरून बसला. नाटकवाल्यांना हे भय चांगलं माहीत असतं. तिसरी घंटा व्हायची वेळ आलेली असते आणि पडद्याच्या फटीतून पाहावं तर समोर नुसत्या खुर्च्या. पण नटाला उद्या दुसरं गाव असतं. विश्वंभरला दुसरं गाव नव्हतं. लेक प्रतीक्षा पुण्याहून फोनवर म्हणायची, "बाबा, या इकडं, काय ठेवलंय तिथं?" काय ठेवलंय ते फोनवर सांगता येत नव्हतं. बाप इथं होता, बायको इथं होती, गोठ्यातल्या टाळांपासूनचं सारं गाव इथं फळ्यांवर नावानिशी उभं होतं. हे रद्दीच्या तराजूत गेलं तर?

दुपारी मंजुळाबाई आली. गोजरबाईच्या माहेरची, तिची बालमैत्रीण, म्हणून विश्वंभरला दाजी म्हणायची. अक्षरावर बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग दाजी, गावाला बोलवायचं कसं?"

"देवळाच्या भोंग्यावरून सांगतो."

"काय सांगणार? 'वाचायला या' म्हणा."

"वाचायला कोन येतंय, मंजुळाबाई? वाचायला आले असते तर ही पाळी आली असती का? मी त्यांच्या आईबापाचं नाव काढतो. मग बघतो कोन घरात बसतंय."

मंजुळाबाईनं मान हलवली. "लाज घातली की माणूस येतंय बराबर. पण लाजंनं आलेलं माणूस बसत न्हाई, दाजी."

विश्वंभरनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्याला फक्त रविवारची भरलेली खोली दिसत होती.

शनिवारी आरती झाल्यावर त्यानं माईक हातात घेतला. सटवाजीचंच रक्त ते. इतकी वर्षं 'हळू बोला' म्हणत दबलेला आवाज घुमटातून असा काही सुटला की पारावरचे पत्ते थांबले.

"ऐका हो मायबापहो! मी सटवाजीचा विश्वंभर बोलतोय. तुमच्या आईचं, बापाचं, आजाचं नाव पुस्तकावर घालून तुमी वाचनालयात ठेवलं. ती नावं आता रद्दीत चालली! किलोच्या भावानं चालली! मेल्यावर माणसाला दुसऱ्यांदा मारायचं का? ज्याच्या अंगात आपल्या माणसाचं रक्त असंल, त्यानं उद्या सकाळी वाचनालयात यावं!"

तो खाली उतरला. दोन-तीन बाया डोळे पुसत होत्या. पुजारी म्हणाला, "काका, काटा आला अंगावर." विश्वंभर खूश झाला. भाषण उत्तम झालं होतं. यायचं कशासाठी आणि येऊन करायचं काय, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

रविवारी उजाडायला त्यानं खोली झाडली, सडा टाकला, देवळातून सतरंज्या आणून अंथरल्या, माठ भरला. मांडण्या पुसल्या. पडद्यावरच्या मोरांवरची धूळसुद्धा फडक्यानं टिपली. हरीश आला आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसला.

सगळ्यात आधी आला तांड्यावरचा प्रेमसिंग, सेवाचा मुलगा. त्याच्या मागं दोघं-तिघं. मग बायका. मग वाटेनं माणसांची रांगच दिसायला लागली. विश्वंभरनं रस्त्याचा चष्मा लावला आणि एकेकाला ओळखत गेला. ज्यांनी कित्येक वर्षांत वाचनालयाच्या उंबऱ्याला पाऊल लावलं नव्हतं, ती माणसं येत होती. धुतलेले कपडे, कपाळाला गंध. खोली भरली, ओटा भरला, देवळाचं आवार भरलं. तिकीटबारीवर 'जागा नाहीत'ची पाटी लागावी तसा विश्वंभरचा ऊर भरून आला. त्यानं हरीशकडं पाहिलं. हरीशनं हसून दोन्ही हात जोडले.

मग विश्वंभरच्या लक्षात आलं, की माणसं चपला बाहेर काढून आत येत आहेत. वाचनालयात चपला काढायची रीत नव्हती. आणि बायांच्या हातात ताटं होती. ताटात हळदी-कुंकू, फुलं, एक नारळ.

प्रेमसिंग मांडणीपाशी गेला. बापाचं पुस्तक त्याला लगेच सापडलं, पुठ्ठ्यावर बैलाचं चित्र होतं. त्यानं ते कपाळाला लावलं, उपरण्यात गुंडाळलं आणि दाराकडं वळला.

"येतो, काका."

"अरे, बस की. आन पुस्तक कुठं नेतो?"

"घरी."

"वाचून आणून देशील ना?"

प्रेमसिंगला प्रश्नच कळला नाही. त्यानं पुस्तकासकट हात जोडले. "इतकी सालं तुमी बापाला संबाळलं, काका. लई तकलीफ घेतली. आता आमी हाव. रद्दीत न्हाई जाऊ देणार."

आणि तो गेला. विश्वंभर त्याच्यामागं दोन पावलं गेला. तोवर मांडण्यांभोवती झुंबड उडाली होती. "आमचे अण्णा कुठं हायत?" "ती वरच्या फळीवर बघ, लाल पुठ्ठ्याची आई!" कोणी पुस्तकावर फूल वाहत होतं, कोणी पदरात घेत होतं, कोणी लेकराला डोक्याला धरून वाकवत होतं. "पाया पड, पणज्याच्या पाया पड."

"अहो, नेऊ नका!" विश्वंभर ओरडला. "न्यायला न्हाई बोलवलं! हितंच ठेवायचीत! सरपंच गाव बघाय आलाय, तुमी फकस्त बसा!"

किराणावाला पुनमचंद आईचं पाकशास्त्राचं पुस्तक छातीशी धरून उभा होता. तो म्हणाला, "काका, तुमीच बोललात ना भोंग्यावर? किलोच्या भावानं चालली म्हणून? रात्रभर झोप न्हाई आली मला. माझी माय तराजूत!"

वाक्य विश्वंभरचं स्वतःचंच होतं.

तरी विश्वंभरला वाटलं, नावांची जाऊ देत, बिननावाची पुस्तकं आहेत, सरकारच्या पैशातून आलेली, ती राहतील. पण ज्यांच्या घरच्यांचं तेरवीचं पुस्तक नव्हतं, ती माणसंही आली होती आणि ओशाळून उभी होती. त्यातली एक बाई पुढं झाली. "काका, आमच्या सासूच्या टायमाला जमलं न्हवतं. आता तिच्या नावानं हे एक घेऊ का?" विश्वंभरनं उत्तर द्यायच्या आत मागून दुसरा म्हणाला, "मग आमचाच बाप काहून मागं राहील?" भूगोल, शेती, नाटकं, शब्दकोश, जे हाताला लागलं ते गावानं मायेनं उचललं. एकानं तर टेबलावरचा पेन उचलून तिथंच आपल्या काकाचं नाव घातलं.

भांडण नाही, ओढाताण नाही. कोणी एक पुस्तक जास्तीचं नेलं नाही. विश्वंभर दारात हात पसरून उभा राहिला, तर येणारे-जाणारे त्याच्या पाया पडून बगलेखालून बाहेर पडू लागले. चोरी असती तर त्यानं बोंब मारली असती. याला बोंब कुठून मारणार?

शेवटी हरीश उठला. त्याच्या आजीचं फाटकं पुस्तक मांडणीवर आडवं पडलं होतं. त्यानं ते उघडलं. पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा होता. त्यानं आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला.

"काका, आजीच वाचायची हे. माझ्यासाठी."

"ठेव ते, हरीश," विश्वंभर हळूच म्हणाला. "तू तरी ठेव."

"फाटलंय ना. चिकटवून घेतो." त्यानं ते शर्टाच्या आत घातलं. डोळे पुसले आणि भानावर येऊन म्हणाला, "आन काका, खोली तुमची. शब्द म्हंजी शब्द. गाव आलं, मी डोळ्यांनी बघितलं. आता हिला कोन हात लावत न्हाई."

आणि तोही गेला.

मांडण्या रिकाम्या झाल्या की मागचं सगळं दिसायला लागतं. पुस्तकांनी इतकी वर्षं झाकलेला राजवाड्याचा खालचा कोपरा विश्वंभरला त्या दिवशी प्रथमच दिसला. तिथं चिताऱ्यानं एक छोटं दार काढलं होतं, अर्धवट उघडं. प्रयोग संपल्यावर, सगळे गेल्यावर रंगमंच जसा दिसतो, तशी ती खोली दिसत होती. सतरंजीवर फुलं, नारळाच्या शेंड्या आणि सांडलेलं कुंकू.

खालच्या फळीवर गोजरबाईचं पुस्तक तेवढं होतं. त्याला कोणी हात लावला नव्हता. ते विश्वंभरचं माणूस, त्याचं तो नेईल.

दुसऱ्या दिवशी तो कंबर बांधून निघाला. दारोदार. प्रेमसिंगनं तांड्यावर खाट टाकली, चहा दिला. पुस्तक देव्हाऱ्यात, लाल फडक्यात होतं.

"प्रेमसिंगा, उद्या एखाद्याची गाय अडली तर?"

"डॉक्टरला फोन लावू, काका. बापाला आता कशाला उठवायचं? देवात बसवलेलं उठवता येत न्हाई, तुमाला ठाव हाय."

हरीशच्या घरी पुस्तक आजीच्या फोटोपुढं होतं, वर प्लास्टिकची पिशवी, तिला चारी बाजूंनी चिकटपट्टी. उघडायचीच सोय नव्हती. एका घरी टीव्हीवर होतं, हार घातलेलं. एका घरात सूनबाई म्हणाली, "वाचायचं असंल तर इथं बसून वाचा की, पर आंघूळ करून या." कोणी दुखवलं नाही. प्रत्येक घरानं चहा पाजला. आणि प्रत्येक घरातून विश्वंभर मोकळ्या हातानं बाहेर पडला.

पुनमचंदच्या दुकानात गल्ल्यावर एक नवी चौकट टांगली होती. काचेमागं विश्वंभरच्याच अक्षरात पुनमचंदच्या आईचं नाव. पहिलं पान.

"बाकीचं पुस्तक?" विश्वंभरनं विचारलं.

"हाय ना, आत पोत्यात नीट ठेवलंय," पुनमचंद म्हणाला. "चौकटीत सगळं मावत न्हाई. पर नाव कसं झळकतंय बघा. गिऱ्हाईक इचारून राहिलंय कोन म्हणून."

विश्वंभरनं मान वर करून पाहिलं. नाव खरंच झळकत होतं. त्यानं बापाला मनातल्या मनात विचारलं, दादा, हेच म्हणाला होतात ना? जितक्यांदा नाव डोळ्याखालून जाईल तितकं बरं? त्यानं गल्ल्याचा आधार घेतला. पुनमचंदनं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. "ऊन लागलंय काका तुमाला," तो म्हणाला.

पुढची घरं त्यानं घेतली नाहीत.

संध्याकाळी रोजच्या वेळेला तो वाचनालयात आला, सवयीनं. खोली त्याची होती, सरपंचाचा शब्द होता. कुलूप घालायचं आणि किल्ली हरीशच्या हाती द्यायची, एवढंच आता उरलं होतं. मशीन तरी येऊ दे. म्हाताऱ्यांचे अंगठे तरी कुठं उमटू देत. प्रतीक्षाला फोन करायचा, येतो म्हणून. त्यानं गोजरबाईचं पुस्तक उचललं, पिशवीत घातलं, आणि तेवढ्यात दारात मंजुळाबाई उभी.

"दाजी, बंद करून राहिले का? अजून वेळ हाय की."

"बघा बाई, काय राहिलंय," विश्वंभर म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "तुमी सांगत होता. मीच घालवलं. माझ्या बापानं भरलं ते मी एका सकाळी रिकामं केलं. तुमच्या मालकाचं बी गेलं ना?"

"पोरानं नेलं. मला इचारलं बी न्हाई." ती बाकावर टेकली. "जिवंतपनी ते माणूस कवा घरात टिकलं न्हाई, रोज हितं येऊन बसायचं. आता देवघरात कोंडलंय. गुदमरून राहिलं असंल."

विश्वंभर रडता रडता हसला. तिनं त्याला डोळे पुसू दिले. मग पिशवीकडं बोट केलं.

"ते काय नेऊन राहिलात?"

"गोजराचं."

"मला द्या."

विश्वंभरनं पिशवी जवळ ओढली. "कशाला?"

"कशाला म्हंजी? वाचायला. सगळी गेली, मी आता रातच्याला काय वाचू?"

"मंजुळाबाई, हे एकच राहिलंय."

"एकच हाय तर एकच द्या. मी का दोन मागते?"

तिच्या घरी तो मुलगा होता, देवघर होतं, लाल फडकी होती. पुस्तक गेलं तर परत येईलच असं नव्हतं. आणि हे नुसतं पुस्तक नव्हतं. हळकुंडांचा वास होता, "काल खून झालता, त्याचं पुढं?" होतं. त्याला वाटलं, आपण नाही म्हणावं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की नाही म्हणायला तोंड उघडताना आपण पुनमचंदसारखंच ते छातीशी धरलं आहे. त्याच जागी, तसंच, दोन्ही हातांनी.

त्यानं पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. थोडा वेळ त्यावर हात तसाच राहिला. मग त्यानं ते तिच्याकडं सरकवलं.

"आठ दिसांत आणून द्या," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आयुष्यभर म्हटलं होतं.

"आणते की. आजवर कवा बुडवलंय?" मंजुळाबाईनं पुस्तक काखेत मारलं, ना कपाळाला लावलं ना पदरात गुंडाळलं. उंबऱ्यावर ती वळली. "खून कोनी केला ते गोजरेला कळलं न्हवतं ना?"

"मला बी न्हाई."

"मग मी वाचून सांगू?"

"नका सांगू," विश्वंभर म्हणाला. "परत आणा. मी वाचीन."

ती सडकेनं गेली, अंगणांतल्या पिवळ्या राशींमधून, म्हातारपणी जमेल तेवढ्या घाईनं. खोलीत आता एकही पुस्तक नव्हतं. विश्वंभरनं किल्ली खिशात टाकली नाही, टेबलावरच ठेवली. बंद व्हायला अजून वेळ होता. राजवाड्याकडं पाठ करून तो खुर्चीत बसला, नाकावरचा वाचायचा चष्मा काढून खिशातल्या घरात ठेवला, आणि दुसरा लावला. रस्त्यावरचं माणूस ओळखायचा.